ओला खोकला, कोरडा खोकला

एका जंगलात टिकली नावाची एक तरुण हरिणी परत आली. डोंगरांपलीकडच्या विद्यावनात ती कितीतरी वर्षं शिकत होती. येताना वाटभर तिच्या मनात एकच चित्र होतं, मुलांनो. झाडावरचं म्हातारं वानर खोकेल, "खॉक!" आणि खाली चरणारा सगळा कळप शेपट्या वर करून उधळेल. वाघ बसेल हात चोळत. विद्यावनात तिने यावर भाषणसुद्धा केलं होतं. "आमच्याकडे झाडावरचे झाडाखालच्यांचा जीव वाचवतात," असं ती म्हणाली तेव्हा तिकडच्या हरणांचे डोळे पाणावले होते.

प्रत्यक्षात तिला दिसलं ते असं.

वानर खोकलं. कळपाने चरणं थांबवलं. सगळ्यांनी माना वर केल्या, डोळे मिटले आणि गाणं ऐकावं तसं ऐकलं.

"कोरडा," एक चितळ म्हणाला.

"छे हो! ओला. शेवटी घरघर होती, ऐकली नाहीत?"

"घरघर प्रक्षिप्त आहे."

एवढ्यात झुडपामागून बिबट्या आला आणि घरघर ऐकणाऱ्याला उचलून चालता झाला. चर्चा चालूच राहिली. फक्त एक मत कमी झालं.

टिकली धावत आईकडे गेली. तिची आई म्हणजे एके काळी कळपातली सगळ्यात चपळ हरिणी. वारासुद्धा तिच्यामागे धापा टाकायचा, असं सगळे म्हणत.

"आई! तू पळाली का नाहीस?"

"कशी पळू, बाई? माझी परीक्षा राहिलीय. दोनदा बसले, दोनदा नापास."

"पळायला परीक्षा?"

"हळू बोल. लोक ऐकतील." आईने इकडेतिकडे पाहिलं. "अगं, सुरुवात चांगलीच होती. आचार्य भेकरांनी एकदा विचारलं, की हा खोकला कोरडा की ओला? आधी असं कुणी विचारलंच नव्हतं. मग कळलं, कोरडा असला तर बिबट्या, तेव्हा झाडाखाली थांबायचं नाही. ओला असला तर वाघ, तेव्हा उंच गवतात शिरायचं नाही. खरंच खूप जीव वाचले गं त्याने."

"मग?"

"मग आचार्यांना शिष्य झाले. त्यांना काहीतरी नवीन काढावंच लागलं. नाहीतर ते शिष्यच राहिले असते. एकाने अर्धओला काढला. दुसरा म्हणाला, खोकला वानराच्या घशात नसतोच, ऐकणाऱ्याच्या कानात असतो. त्याचा तर सत्कार झाला."

"आणि पळणं?"

"तो विभाग वेगळा. ओढ्यापलीकडे. त्यांचं नि खोकल्यावाल्यांचं बोलणं नाही."

"पण पदवी नसताना कुणी पळालंच तर?"

"त्याला अडाणी पळणं म्हणतात." आईचा आवाज आणखी खाली गेला. "आपली कर्णामावशी गेल्या उन्हाळ्यात तशीच पळाली. जिवंत आहे बिचारी. पण पाणवठ्यावर तिच्याशी कुणी बोलत नाही."

टिकलीचं रक्त उसळलं. ती तडक आचार्य भेकरांकडे गेली. आचार्य अंगाने लहान होते, पण उंच दगडावर बसत.

"आचार्य, खोकला ऐकला की पळावं. इतकं साधं आहे हे."

"साधं आहे म्हणूनच त्यात संशोधनाला वाव नाही, बाळ," आचार्य प्रेमाने म्हणाले. "शिवाय तुझ्या म्हणण्याला आधार काय?"

"जे पळाले ते जगले."

"आणि जे मेले त्यांची बाजू तू ऐकून घेतलीस?"

विद्यावनात असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. टिकली खूर आपटून म्हणाली, "तुमची पदवी आणि तुमचा हा दगड, मी कधी शिवणारसुद्धा नाही!"

"तरुण आहेस," आचार्य म्हणाले. "संध्याकाळी व्याख्यानाला ये."

संध्याकाळी पाणवठ्यावर सगळं जंगल जमलं. आई पहिल्या रांगेत होती. पुढे बसलं की परीक्षेत सांभाळून घेतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. टिकली मागे उभी होती, रागाने.

व्याख्यान रंगात आलं आणि झाडावर वानर खोकलं. वाऱ्याची झुळूक फिरली. टिकलीच्या नाकात तो वास शिरला. शिकल्या-न शिकल्याने त्या वासात काही फरक पडत नाही, मुलांनो.

"पळा!" ती ओरडली. "आई, पळ!"

आईने टिकलीकडे पाहिलं. मग दगडाकडे पाहिलं.

"शांत! शांत!" आचार्यांनी खूर वर केला. "असा नमुना वारंवार मिळत नाही. वानरभाऊ, जरा पुन्हा एकदा!"

वानर जीव तोडून खोकलं.

"आता पाहा, यात जी छटा आहे ती..."

ती छटा कोणती, हे जंगलाला कधीच कळलं नाही. वाघाने आचार्यांना वाक्याच्या मध्येच उचललं. जाताना त्याची शेपटी आईच्या पाठीवरून घासून गेली. तरीही आई जागची हलली नाही.

लगेच तिथेच शोकसभा झाली.

"शेवटच्या क्षणी आचार्यांना कोरडा पटला होता," एक शिष्य हुंदका देत म्हणाला.

"कोरडा? अहो, वाघ आला! म्हणजे ओलाच!"

"वाघ आला एवढ्यावरून खोकला कसा होता ते ठरत नाही."

सभा संपेपर्यंत ‘अंतिम छटा’ नावाची नवी शाखा उभी राहिली होती.

मग कुलसचिव साळिंदर अंगावरचे काटे आवरत टिकलीजवळ आले. "दगड रिकामा झालाय. तुम्ही बसा."

"मी? माझा तर या सगळ्यावर विश्वासच नाही!"

"म्हणूनच. कोरड्याला बसवलं तर ओले रुसतात, ओल्याला बसवलं तर कोरडे. तुमचं काहीच मत नाही, त्यामुळे तुमच्यावर एकमत आहे."

"मुळीच बसणार नाही," टिकली म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जाग आली ती पुटपुटण्याने. शेजारी आई डोळे मिटून पाठ करत होती. "कोरड्याची लक्षणं तीन. पहिलं... पहिलं..." तिच्या पाठीवर, शेपटी घासली होती तिथे, केस अजून उभे होते.

टिकली उठली. चालत गेली आणि थेट दगडावर चढून बसली.

"साळिंदरकाका, लिहून घ्या. या जंगलातला प्रत्येक जीव आजपासून पदवीधर. पोटातली पाडसंसुद्धा."

साळिंदरांचे काटे ताठ झाले. "अहो, परीक्षा?"

"सगळे पास."

"आणि अभ्यासक्रम?"

"ज्याला हौस असेल त्याने तो पळून आल्यावर करावा."

मग तिने पळसाचं एक मोठं पान घेतलं, त्यावर खुराचा ठसा उमटवला आणि ते पहिल्यांदा आईसमोर धरलं. आईने पान हुंगलं. थोडं खाल्लंही, सवयीने.

"यावर पहिला वर्ग लिहिला नाहीस का गं?"

"लिहिते."

"मग आता पळू?"

"पळ, आई."

कुणी खोकलंही नव्हतं. पण आईने शेपटी वर केली आणि अशी सुटली, की वाऱ्याला पुन्हा एकदा धाप लागली.

तात्पर्य: पदवीला कधीही नावं ठेवू नयेत. पदवी हाती असली, की अडाण्यासारखं शहाणपणाने वागायला कुणाची हरकत नसते.