मर्व्हचा शर्ट खाली येतो

आमच्या घरात कुणाच्या तोंडाला कुलूप लावायचं असेल तर ते माझ्या नवऱ्याच्या, मर्व्हच्या, आणि त्याची किल्ली माझ्या खिशात असते, असं मी माझ्या बहिणीला कित्येक वर्षं सांगत आले आहे. मी आमच्या गावच्या, हॅल्डनच्या, पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते. नळाच्या पाण्यात क्लोरीन किती आणि लोह किती ते मोजते, आणि गरजेपुरतं बोलते. माझ्या वाटणीचं मर्व्ह बोलतो.

मर्व्ह तरुणपणी गावच्या बर्फावरच्या हॉकीच्या संघात, म्हणजे बॅजर्समध्ये, अकरा हंगाम खेळला. गोल त्याने फारसे केले नाहीत. तो आपल्या गोलसमोर उभा राहायचा आणि समोरून येणारी चकती अंगावर घ्यायचा. पायावर, छातीवर, एकदा जबड्यावर. त्याबद्दल संघाने त्याचा चार नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही असं ठरवलं आणि दुलईएवढ्या कापडाचा एक शर्ट शिवून रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त मैदानाच्या, छताला टांगला. मर्व्हचा गुडघा गेला, केस गेले, पण शर्ट राहिला. रिंकमध्ये शिरला की तो आधी वर बघतो आणि मग मला जागा शोधायला सांगतो.

आता जानेवारीची गोष्ट. जानेवारीत खेळाडूंची अदलाबदल करायची मुदत संपते. त्या दिवशी गावातले सगळे निवृत्त खेळाडू डोनटच्या दुकानात बसून संघाच्या व्यवस्थापकाची सालं काढतात, आणि शनिवारी सकाळी रेडिओवर फोन करून तीच सालं पुन्हा काढतात. व्यवस्थापक आहे ग्लेन, माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. त्यामुळे हॉकीचा हंगाम सुरू झाला की मला ईस्टरला दोन्ही घरांच्या एकत्र जेवणाची धास्ती वाटायला लागते.

यंदा मुदतीच्या दिवशी ग्लेनचाच सकाळी फोन आला. आवाज अगदी खालचा.

"मावशी, आज काकांना जरा सांभाळ."

"का? कुणाला विकतोयस?"

"विकत नाही गं. केसलरला ऑर्मिस्टनला देतोय. बदल्यात दोन तरुण पोरं येतायत, चांगली आहेत."

वायट केसलर म्हणजे संघाचा कर्णधार, आणि ऑर्मिस्टन म्हणजे आमच्या शेजारचं गाव, ज्याचं नाव मर्व्ह जेवताना घेऊ देत नाही.

पण माझ्याकडे योजना होती. मी मर्व्हला म्हटलं, आज सुट्टी घेते, तळ्यावर मासे धरायला जाऊ. गोठलेल्या तळ्याच्या मधोमध आमचं एक लाकडी खोपटं आहे. बर्फाला भोक पाडायचं, गळ सोडायचा आणि गप्प बसायचं. तिथे फोन लागत नाही. बातमी मीच तिथे हळूच सांगायची. संध्याकाळी परत येईपर्यंत मर्व्हचा राग अर्ध्यावर आलेला असेल, उद्या पाव होईल, आणि शनिवारपर्यंत मोजता येणार नाही इतका उरेल. किरणोत्सर्गी पदार्थांचं असंच होतं. मर्व्ह त्याच वर्गात मोडतो.

तळ्यावर पोचलो तर तिथे शंभरेक ट्रक उभे होते. मासे धरण्याची वार्षिक स्पर्धा होती. आणि आमच्या खोपट्याला खेटून एक मोठा तंबू ठोकलेला होता, त्यावर एरियल होती, आणि दारात रेडिओवाला ड्वेन हातात मायक्रोफोन घेऊन उभा होता.

"अरे मर्व्ह," तो म्हणाला, "देवासारखा आलास. केसलरचं ऐकलंस का?"

ज्या माणसाला मायक्रोफोनपासून लांब ठेवायचं, त्याला मी स्वतः ट्रक चालवत मायक्रोफोनपाशी आणून सोडलं होतं. मी मर्व्हची बाही धरली. ती माझ्या हातातून निसटली.

बर्फावर उभं राहून मर्व्ह बोलला. ग्लेनला हॉकीतलं किती कळतं हे सांगितलं, ते फार लवकर सांगून झालं. ग्लेन लहान असताना आमच्या स्वयंपाकघरात कसा मोज्यांवर घसरून पडायचा तेही सांगितलं. मग घसा खाकरून म्हणाला, "कर्णधार देऊन टाकणाऱ्या संघाच्या छताला माझा शर्ट नको. उतरवा तो."

खाली बर्फ कुठेतरी तडकला. उणे तीसमध्ये तो तसा तडकतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, हे मला शास्त्रीयदृष्ट्या माहीत आहे. तरी मी घाबरले.

परतताना मर्व्ह खुशीत होता. "कसं बोललो?"

"आणि खरंच उतरवला तर?"

"हॅ. त्याला उंच शिडीची गाडी लागते. ती गावची गाडी ऑक्टोबरपासून बंद आहे. मी काय विचार न करता बोलतो का?"

दोन दिवसांनी गाडी दुरुस्त झाली. तिसऱ्या दिवशी ग्लेन स्वतः आमच्या दारात उभा राहिला, काखेत पुठ्ठ्याचं खोकं.

"काका, तुम्ही म्हणालात तसं केलं."

"बरं केलंस," मर्व्ह म्हणाला.

"सगळ्या गावासमोर मोज्यांचं कशाला काढलंत?"

"खरं होतं म्हणून."

ग्लेन निघून गेला. मर्व्हने खोकं उचललं आणि तळघरात नेऊन ठेवलं. जिना चढून वर आला तेव्हा त्याचा चेहरा कागदासारखा झाला होता. त्या रात्री त्याने पेरोगींना, म्हणजे त्याच्या आवडत्या बटाट्याच्या उकडलेल्या करंज्यांना, हात लावला नाही. मी त्याच्याशी लग्न केल्यापासून हे पहिल्यांदाच घडत होतं.

पुढचे दिवस वाईट गेले. मर्व्ह दर थोड्या वेळाने तळघरात जायचा. घर गरम ठेवणारी भट्टी बघून येतो म्हणायचा. भट्टी उत्तम चालू होती. रिंकवरून जायला लागू नये म्हणून तो डोनटच्या दुकानात गावाला वळसा घालून जायला लागला. एकदा मला म्हणाला, "आयरीन, तिथे आता दुसऱ्या कुणाचा लावतील का गं?" मी नाही म्हटलं, पण मला काय माहीत? मला हीच भीती होती की तो शर्ट खोक्यात राहील आणि मर्व्ह त्या खोक्याशेजारी भट्टी बघत म्हातारा होईल.

त्यात एक गोष्ट मला खटकत होती. मी खोकं उघडलं तेव्हा शर्ट ओला होता. दमट नाही, चांगला ओला. मी तो दोरीवर टाकला, तर वाळायला दोन दिवस लागले, आणि खांद्यांपाशी तांबूस रंगाच्या वळ्या दिसल्या, एकाबाहेर एक. गंज. लोखंडावरून उतरलेलं पाणी मला रोज भेटतं, त्याची खूण मी झोपेतही ओळखेन. पण छपराखालच्या शर्टात ते कुठून आलं, याचा मी त्या घालमेलीत विचार केला नाही.

शुक्रवारी ऑर्मिस्टनचा संघ आमच्याकडे खेळायला आला. केसलर आता त्यांच्या बाजूने. मर्व्ह येणार नाही म्हणाला, मग पास वाया जातील म्हणून आला. आत शिरताना त्याने वर पाहिलं नाही. मी पाहिलं. शर्टांच्या रांगेत त्याची जागा पडलेल्या दातासारखी मोकळी होती.

आणि त्या मोकळ्या जागेवरच्या तुळईला एक थेंब लोंबत होता.

मी बघत असतानाच तो सुटला आणि आमच्या गोलच्या डाव्या हाताला बर्फावर पडला. मग दुसरा. दोन हजार माणसं श्वास सोडतात, कॉफी पितात, ती वाफ वर जाऊन थंड तुळईवर पाणी होते, आणि पाणी खाली येतं. इतकी वर्षं ते खाली आलं नव्हतं, कारण खाली मर्व्हचा शर्ट होता. खेळ थांबला की यंत्र फिरून बर्फ सपाट करायचं, आणि खेळ सुरू झाला की थेंब गोठून पुन्हा टेकडी बांधायचे. मुठीएवढी टेकडी. तिच्यावर धारदार पात्याचा बूट वेगाने चढला तर गुडघ्याचं काय होईल, ते माझ्या शेजारीच बसलेलं होतं.

ओरडावं असं वाटलं. पण काय ओरडणार? माझ्या नवऱ्याचा मानाचा शर्ट हे एक फडकं होतं असं? मर्व्ह शेजारी बसून आपल्या बुटांकडे बघत होता. तेवढ्यात केसलर चकती घेऊन त्याच बाजूने आला, उडाला, आणि गोलच्या लोखंडावर जाऊन आदळला.

केसलर आडवा होता. मी मनात केलेली प्रार्थना कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. मग तो उठला, मान हलवली, आणि बर्फाकडे असा काही बघायला लागला, जणू त्याला कुणीतरी चावलं होतं.

मी मर्व्हला कॉफी आणते म्हणाले आणि थेट ग्लेनच्या खोलीत गेले. त्याला सगळं सांगितलं. तो डोकं धरून बसला.

"मावशी, ते छत दुरुस्त व्हायला उन्हाळा उजाडेल."

"मग शर्ट परत लाव. आज, मधल्या सुट्टीत गाडी आण आणि तात्पुरतं कापड बांध. उद्या शर्ट लाव."

"मीच उतरवला, मीच परत लावू? आणि का लावला म्हणून सांगू? काका मला जिवंत सोडतील?"

"का ते सांगू नकोस. बदल्यात काहीतरी माग, म्हणजे तुझंही नाक राहील."

ग्लेनने डोकं वर केलं. अदलाबदल म्हटलं की त्याच्या डोळ्यांत एक वेगळाच उजेड येतो.

घरी आल्यावर मी मर्व्हला सांगितलं, "ग्लेन शर्ट परत लावायला तयार आहे. बदल्यात एक गोष्ट मागतोय."

"काय?"

"तुझं तोंड. हंगाम संपेपर्यंत रेडिओवर एक शब्द नाही."

तो तळघरात गेला. बऱ्याच वेळाने वर आला.

"फक्त रेडिओवर ना? डोनटच्या दुकानात नाही?"

"फक्त रेडिओवर."

"मंजूर. पण तो एवढा नरमला कसा?"

"त्याला ती मोकळी जागा बघवत नव्हती," मी म्हणाले. हे शब्दशः खरं होतं.

शनिवारी भल्या सकाळी शर्ट वर गेला. मर्व्ह स्वतः खाली उभा राहून डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या करत होता. मी म्हटलं, होता तिथेच असू दे, इंचभरही हलवू नका. मर्व्हला वाटलं, मला भरून आलंय. घरी आल्यावर त्याने तीन अंडी खाल्ली आणि रेडिओ लावला.

रेडिओवर लॉर्न होता. लॉर्न मर्व्हबरोबर खेळलेला, त्याचा जिवलग मित्र; सौदा मर्व्हनेच त्याला रात्री फोन करून सांगितला होता.

"ड्वेन, ग्लेनने आजवर केलेला हा सगळ्यात चांगला सौदा," लॉर्न सांगत होता. "पण आमचा मर्व्ह लुटला गेला रे. अख्खं तोंड दिलं, आणि मिळालं काय? स्वतःचाच जुना शर्ट."

ड्वेन हसला. "तू काय मागितलं असतंस?"

"निदान दारापाशी गाडी लावायची जागा. आणि एखादा धडधाकट बचावपटू."

मग आणखी एका जुन्या खेळाडूचा फोन आला. त्याच्या मते मर्व्हचं तोंड या वयात एवढ्या किमतीचं नव्हतंच, लुटला गेला तो ग्लेन. मग तिसरा. गावातल्या सगळ्या निवृत्त खेळाडूंनी सकाळभर माझ्या नवऱ्याच्या सौद्याची सालं काढली, आणि माझा नवरा टेबलाच्या कडा धरून, बीटासारखा लाल होऊन, गप्प बसून राहिला. फोनकडे त्याचा हात जायचा आणि परत यायचा.

"आयरीन," तो शेवटी म्हणाला, "तू कर फोन."

"मी? मी आयुष्यात कधी..."

"तुझं तोंड दिलेलं नाही. सांग त्यांना सौदा चांगला होता म्हणून. एवढंच सांग."

फोन लागला. ड्वेन म्हणाला, बोला आयरीन, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी घाबरले की मला फक्त एकच गोष्ट जमते, ती म्हणजे अचूक माहिती देणं.

"सौदा योग्य होता," मी म्हणाले. "शर्टाची गरज ग्लेनला जास्त होती."

"ती कशी?"

आणि मी सांगितलं. दोन हजार माणसांची वाफ, तुळईचं तापमान, थेंब, टेकडी, केसलर. कापडावरच्या गंजाच्या वळ्या. वाळायला लागलेला वेळ. काही वगळलं नाही.

"म्हणजे," ड्वेन हळूच म्हणाला, "मर्व्हचा शर्ट टॉवेल आहे?"

"शोषक म्हणतात त्याला," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.

मर्व्हकडे बघायचं धैर्य मला होईना. मी बशा विसळायला घेतल्या. धुतलेल्याच पुन्हा विसळल्या.

"म्हणजे अडला होता तो," मर्व्ह मागून म्हणाला. "आणि तू मला तोंड द्यायला लावलंस. फुकटात मिळत होता शर्ट."

"हो."

"ग्लेनपेक्षा वाईट व्यवस्थापक माझ्याच घरात आहे."

"हो."

त्याने रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "सगळं घेतो का? पाणी?"

"एक थेंब खाली जाऊ देत नाही."

"अकरा हंगाम मीही दुसरं काय करत होतो," तो म्हणाला, आणि माझ्या ताटलीतलं चौथं अंडं उचललं.

गावात आता सगळे त्याला टॉवेल म्हणतात. तो ओ देतो. मर्व्हने मात्र पुढच्या जानेवारीसाठी एक योजना आखली आहे. मुदतीच्या दिवशी तो मला तळ्यावर मासे धरायला नेणार आहे. ड्वेन त्या दिवशी कुठे असेल, याची चौकशी त्याने आत्ताच करून ठेवली आहे.