मनकर्णाबाईंचा तोल

शेजारचे रुद्रप्पा मोरीत घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. हे दुखणं रुद्रप्पांचं; पण झोप उडाली ती पाटबंधारे कचेरीतल्या धर्मपालची. त्याची आई मनकर्णाबाई सत्तरीपुढची, आणि मोरी तर त्याच्याही घरात होती.

दवाखान्यात रुद्रप्पांच्या पायाला विटा टांगलेल्या बघितल्यावर त्याने तिथल्या तरुण डॉक्टरांनाच गाठलं.

"बरंचसं पडणं टाळता येतं," डॉक्टर म्हणाले. "मोरी कोरडी ठेवा, उजेड ठेवा. आईंना खुर्चीवरून उठून चार पावलं चालायला सांगा. उठताना आधार घेतात का, वळताना डगमगतात का, बघा. शंका वाटली तर घेऊन या."

एवढंच केलं असतं तरी भागलं असतं. पण धर्मपालने दुसऱ्या दिवशीची रजा टाकली. (कचेरीत कुणाला फरक पडला नाही. पडला तो घरात.)

सकाळी सातलाच आईला खुर्चीवर बसवून तो वही-पेन्सिल घेऊन उभा राहिला.

"ऊठ. चाल. आता वळ."

आई उठली, चालली, झकास वळायला लागली, एवढ्यात हा ओरडला, "आई, उंबरा!"

ती दचकली, भेलकांडली आणि तिने भिंत धरली. धर्मपालने वहीत शेरा मारला : वळताना तोल जातो.

"मुडद्या, उंबरा तिकडं ऱ्हायला की!"

"आज तिकडं आहे. उद्या पायाखाली येईल!"

एका दिवसाची रजा चार दिवसांची झाली. मोरीत त्याने पोती अंथरली. ती भिजून फुगली आणि त्यांत आईचाच अंगठा अडकला. फळीवरचे डबे खाली आणले; चटणी सापडेना म्हणून आई स्टुलावर चढून रिकामी फळी चाचपू लागली. स्वस्थ बसणं त्याला ठाऊकच नव्हतं. आई नळावर निघाली की हा दोन्ही हात पसरून मागे. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

"धर्मा, मी काय रांगतीया व्हय?" आई करवादायची.

शेवटी खाटेपासून मोरीपर्यंत त्याने खिळे ठोकून काथ्याचा दोर बांधला. आईने धरून चालावं म्हणून. तासाभरात त्याच्या बायकोने, मीनाबाईने, त्यावर भिजलेली चादर वाळत घातली. चादर सोलापुरी, त्यात पाणी प्यालेली!

"अगं, हा दोर आईचा आहे!" म्हणत त्याने चादर ओढली. खिळे गिलाव्यासकट सुटले, चादर डोक्यावर आली, आणि आंधळा झालेला धर्मपाल थेट धुण्याच्या बादलीत बसला.

खाटेवर पडलेली आई खो खो हसत सुटली. हसता हसता लेकाला उचलायला म्हणून झटकन उठली. दोन पावलं टाकली, हसू एकदम थांबलं आणि ती कलंडली. मीनाबाईने धावत जाऊन धरलं म्हणून बरं. नाहीतर डोकं चुलीवर आपटलं असतं.

बादलीतून निघून धर्मपाल ओल्या लेंग्यानिशी आईजवळ बसला. या खेपेला त्याला ओरडता आलं नाही.

"आई, काय झालं?"

"डोळ्यापुढं अंधारी आली. रोज येती, सकाळी उठताना. लई म्हैने झालं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू मला दाराभाईर सोडलं असतंस व्हय?" आई हळूच म्हणाली. "पल्याडच्या घरातल्या शिवबाईकडं जाऊन बसती, दोन शब्द बोलती, तेवढंच हाय मला."

धर्मपालने खाटेवर पडलेली वही मिटली आणि सायकलरिक्षा आणली.

डॉक्टरांनी आईंचं ब्लडप्रेशर आधी झोपवून बघितलं, मग उभं करून. "उभ्या राहिल्या की एकदम उतरतंय. प्रेशरची रोजची गोळी अर्धी करू. उठताना आधी खाटेच्या कडेला बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं. हिंडणं मात्र बंद करायचं नाही. हिंडण्यानंच पायात जोर राहतो."

आईने लेकाकडे विजयी नजर टाकली.

"आणि एरवी तोल जातो का?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

"न्हाय की. ह्यो मागनं वरडला की तेवढा जातो."

डॉक्टरांनी धर्मपालकडे बघितलं, मग चिठ्ठीवर बराच वेळ काहीतरी लिहिलं.

औषधाच्या खिडकीतला कंपाउंडर चिठ्ठी मोठ्याने वाचू लागला. "एक, गोळी अर्धी, सकाळी. दोन, पायात पट्ट्याची चप्पल. तीन, मोरीत धरायला लोखंडी कडी. चार..." तो थबकला. "चार, चिरंजीवांनी उद्यापासून कामावर हजर व्हावे. ह्ये किती वेळा द्यायचं, त्ये लिवलं न्हाय."

धर्मपाल काही बोलायच्या आत मनकर्णाबाई खिडकीपाशी वाकल्या.

"दिवसातनं एकदाच. पर ऐतवारचं पन चालंल का, त्येवढं सायबास्नी इचारून घ्या."