भिंतीला खिळा नको

पहिल्या बक्षिसाचा फोन आला तेव्हा शेफालीने पार्लरमध्ये सगळ्यांना पेढे वाटले. मग निमंत्रणपत्रिकेवर परीक्षकांचं नाव वाचलं आणि तोंडातला पेढा तोंडातच घोळायला लागला. परीक्षक तात्याराव, म्हणजे तिचे घरमालक.

शेफाली मूळची ओडिशाची. सात वर्षं येरवड्यातल्या एकाच खोलीत राहून मराठी शिकली, मराठीतच लिहायला लागली. नारायण पेठेतल्या एका मंडळाने बाहेरून पुण्यात आलेल्या लेखकांसाठी कथास्पर्धा काढली, तेव्हा बाईने मालकावरच कथा लिहिली: भिंतीला खिळा ठोकू न देणारा, मासळीचा वास आला की माणूस धाडणारा. तात्यारावांना तिने कधी पाहिलं नव्हतं, त्यांनीही तिला नाही. सगळे हुकूम शंभू एजंट आणायचा, भाडंही तोच न्यायचा; मालकाला तिचं नावही ठाऊक नसावं. आता त्यांनी ओळखलं तर खोली गेलीच. आणि परराज्यातल्या एकट्या बाईला खोली शोधताना काय काय ऐकावं लागतं, ते तिने एकदा भोगलं होतं.

पण गोष्टीतला दुष्ट माणूस आपणच, असं कुठल्या दुष्ट माणसाला कधी वाटलंय? बक्षीस समारंभात तात्याराव व्यासपीठावर तिच्या कथेबद्दल बोलताना चक्क डोळे पुसत होते. असल्या लोकांनीच पुण्याचं नाव घालवलं, म्हणाले. मग तिला माइकपाशी बोलावून विचारलं, हे सगळं खरं ना, आणि अजून तिथेच राहता का? शेफालीने मान डोलावली. खोटं तिला ऐनवेळी सुचलंच नाही.

"कोण हो हा इसम? नाव सांगा."

"राहू द्या सर. चांगले आहेत ते."

"बघा, किती दहशत आहे! सोडा ती खोली. इथे, सगळ्यांसमोर शब्द द्या. नवी खोली मंडळ बघेल."

टाळ्या सुरू झाल्या. नाही म्हणावं तर कथा खोटी ठरते, हो म्हणावं तर डोक्यावरचं छप्पर जातं. इकडे आड, तिकडे विहीर. टाळ्या काही थांबेनात.

"सोडते," ती कशीबशी म्हणाली आणि फ्रेम केलेलं मानपत्र छातीशी धरून खाली उतरली.

कार्यक्रमानंतर मंडळाच्या वहीत तिचा पत्ता लिहून घेतला. तात्यारावांनी तो सहज वाचला, पुन्हा वाचला, आणि चहा न घेताच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शंभू दारात. "मालक म्हणाले, लेखकाने शब्द पाळावा. महिनाअखेर खोली रिकामी पाहिजे."

शेफालीने मंडळाला फोन केला, मालकाचं नाव मात्र सांगितलं नाही. चिटणीस हेमाताई स्वभावाने भल्या. भर सभेत दिलेला शब्द, मोडून कसं चालेल, म्हणाल्या आणि खरोखरच कामाला लागल्या. पंधरा दिवसांनी त्यांचाच फोन आला.

"मिळाली बाई खोली! येरवड्यातच, आणि मालक कोण, तर आपले तात्याराव. तुमचं नाव अजून सांगितलं नाही मी. भिंती अगदी नव्यासारख्या आहेत म्हणे, सात वर्षांत एक खिळा नाही. अट एकच घातलीय, भाडेकरू लिहिणारा नको. ते बघू आपण काहीतरी."

हेमाताईंनी आपली कथा अजून वाचलेली नाही, हे शेफालीला तेव्हा कळलं.