वाळवीने खाल्लेल्या ओळी

२०१७ साली तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत कृष्णस्वामींच्या नावे टपालाने एक पुस्तक आले आणि त्यांची कॉफी टंबलरमध्येच निवली. तंजावूरच्या एका मराठी राजाने लिहिलेले जुने लग्ननाटक होते ते. मूळ पोथी जागोजागी वाळवीने खाल्लेली. निवृत्तीनंतर कित्येक वर्षे खपून कृष्णस्वामींनी ती भगदाडे भरली होती आणि पदरमोड करून छापली होती. आता तोच मजकूर प्राध्यापक राजगोपाल यांच्या नावाने आला होता. वर ‘सप्रेम भेट’.

“चोरी करायची आणि वर प्रसाद धाडायचा,” त्यांची पत्नी शेषम्मा म्हणाल्या.

“माझं नाव कोठेंच नाही,” कृष्णस्वामी एवढेच बोलले. मागे ठेवण्यासारखे त्यांच्याजवळ दुसरे काही नव्हते.

शेजारची भारती वकील होती. तिने दोन्ही पुस्तके ताडून पाहिली.

“मामा, मूळ नाटक आता अस्क्यांचं, कुणीही छापावं. तुमचा हक्क वाळवीनं खाल्लं तेवढ्यावरच.”

“मग आणखी खाल्लं असतं तर बरं झालं असतं,” शेषम्मा म्हणाल्या.

“फक्त कोर्टात सांगायचं, त्या ओळी मी रचल्या,” भारती म्हणाली.

“रचल्या नाहीत. होत्या त्या शोधल्या.”

“शोधल्या म्हणालात तर हक्क गेला, मामा.”

“आणि रचल्या म्हणालो तर नाटक गेलं. खोटं कसं बोलू?”

शेवटी ‘भरल्या’ असा शब्द घालून नोटीस गेली. महिन्याभराने उत्तर आले: आम्ही स्वतंत्रपणे, वृत्त व प्रास पाहून गळालेल्या ओळी सिद्ध केल्या; त्या अक्षरशः सारख्या निघाल्या यास आमचा इलाज नाही.

भारती हसली. “सापडला. इतकं सारखं कोण मानेल?”

कृष्णस्वामींनी ते उत्तर पुन्हा वाचले. “शेषू, कॉफी कर. साखर घाल.” साखर डॉक्टरांनी केव्हाच बंद केली होती. “दोघांनी वेगवेगळं शोधलं आणि तेंच मिळालं. म्हणजे राजानं तेंच लिहिलं होतं. माझं बरोबर होतं.”

“मामा, त्यानं तुमचं बघून लिहिलंय.”

“विद्वान माणूस असं करणार नाही. खटला नको.”

भारतीने जाताना दारात हळूच विचारले, “मामी, या ओळी मामांच्याच, असं दाखवणारं काही आहे कां?”

होते. पाठवणीच्या गाण्यात नवरी म्हणते, ‘सावली दारात ठेवून जाते, आई, तुडवू नको.’ शाळेला निघताना त्यांची मुलगी भुवना रोज हेच म्हणायची. सातव्या वर्षी ती तापाने गेली, आणि त्यानंतर कृष्णस्वामींनी घरात तिचे नाव घेतले नव्हते. ओळ कुठून आली हे त्यांना ठाऊक नव्हते. शेषम्मांनी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हाच ओळखली होती.

आत ते फोनवर कुणाला तरी आनंदाने सांगत होते, राजाचीच ओळ, आता सिद्ध झालं.

“काही नाही ग,” शेषम्मा म्हणाल्या.

राजगोपालांनी दुसऱ्या आवृत्तीत ‘कैलासवासी कृष्णस्वामी’ यांचे आभार मानले. कृष्णस्वामी ते वाचून म्हणाले, “थोडी घाई केली त्यानं.” पुढच्या वर्षी तेही खरे झाले. भारती मदुरैला वकिली करते. शेषम्मा पापनाशमला पुतण्याकडे असतात. गल्लीतल्या लग्नांना मात्र येतात. तिथे पाठवणीचे ते गाणे अजून म्हणतात, बहुतेक जण तमिळ अक्षरांतून वाचून. परवा एका नवरीची आई डोळे पुसत त्यांच्याजवळ येऊन बसली.

“मामी, राजाला मुलगी होती कां हो?”

“होती,” शेषम्मा म्हणाल्या.