परवाची दुपार

वैशाखातल्या एका गुरुवारी आमच्या वाडीच्या पऱ्यावरचा पूल खुला झाला. त्यानंतर अप्पा भाटकर कोणाच्या दारात काही मागायला गेले नाहीत.

त्याआधी ते दर वर्षी जात. हातात झोळी नसे की पावतीपुस्तक नसे. बंदरावरच्या जकात नाक्यावर शिपाई होते, पेन्शनीत निघाले होते. डोक्याला काळी टोपी, काखेत छत्री. ओटीसमोर उभे राहून छत्रीचे टोक अंगणात रोवायचे आणि म्हणायचे, "परवाची दुपार दे."

माणूस नवखा असला तर कनवटीला हात घाली. अप्पांना त्याचा राग येई. "ते तुझं तुला ठेव. दुपार आहे काय शिल्लक?"

एकदा रत्नागिरीतले एक वकील कोणाची तरी कलमे पाहायला वाडीत आले होते. त्यांनी साकवाचे ऐकले आणि सार्वजनिक काम म्हणून एक रुपया पुढे केला. अप्पांनी तो पाहिलासुद्धा नाही. दुपार मागितली. वकील गमतीने हो म्हणाले. अप्पांनी त्यांना पेजेच्या पातेल्याजवळ एक काठी देऊन बसवले आणि कावळे हाकायला सांगितले. सबंध दुपार ते वकील परीटघडीच्या धोतरात कावळे हाकत होते. पुढच्या वर्षी ते न बोलावता आले आणि मला हळूच विचारले, "कावळ्यांचं काम दुसऱ्या कोणाला दिलं नाही ना?"

साकव म्हणजे लाकडांचा पूल. आमची वाडी मांडवीच्या अलीकडे, आणि बाजार, शाळा, दवाखाना, स्मशान सगळे पऱ्याच्या पलीकडे. आठ महिने पऱ्या, म्हणजे हा ओढा, घोट्याएवढा असतो, पावसाळ्यात तो माणसाला उचलून समुद्रात नेतो. म्हणून मृगाच्या आधी वाडीने मिळून साकव घालायचा आणि दिवाळीनंतर उतरवायचा. माडाचे सोट, बांबूचा कठडा, काथ्याचे दोर. हे कोकणात सगळीकडेच चालते. अप्पांची तऱ्हा त्याच्याही पुढची होती.

त्यांनी प्रत्येक घराला एकच काम वाटून दिले होते, आणि दुसऱ्या घराचे काम शिकायला बंदी होती. मेढी, म्हणजे आधाराचे खांब, ठोकणारे घर वेगळे, दोर भिजवणारे वेगळे. कठड्याची गाठ काशीकाकीच्या घरची. तिचा नवरा वारला, मुलगा मुंबईला गिरणीत गेला, तेव्हा अप्पा तिच्या दारात जाऊन म्हणाले, "काशी, गाठ तुलाच मारायची आहे." बाईमाणसाने साकवावर चढावे की नाही याची थोडी कुजबुज झाली. पण गाठ दुसऱ्या कोणाला येत नव्हती. काकी चढली.

मी अप्पांना एकदा विचारले, की असे का? एखाद्या वर्षी एखादे घर आले नाही तर?

"तर साकव होणार नाय," अप्पा म्हणाले.

"मग चार माणसांना सगळं शिकवून ठेवलं तर?"

"तर बाकीच्यांना कोण विचारील?"

आमच्या घराकडे लांब उभे राहून बघण्याचे काम होते. मी शाळामास्तर, चार पुस्तके वाचणारा. वडिलांच्या मागे ते माझ्याकडे आले. काठावर उभे राहायचे आणि सोट तिरका जाऊ लागला की "डावीकडे" किंवा "जरा वर" म्हणायचे. अप्पा म्हणत, "मास्तराला तेच जमतं. नुसतं बघायचं आणि बोलायचं."

धोंडू आणि विठू हे चुलतभाऊ. एका फणसावरून त्यांचे बोलणे बंद झाले होते. फणस पुढे वादळात पडला, बोलणे बंदच राहिले. अप्पांनी त्यांना एकाच सोटाची दोन टोके दिली. सोट चांगलाच लांब, त्यामुळे बोलल्याशिवाय उचलता येत नसे. मग अप्पा छत्री घेऊन मधोमध उभे राहत. विठू म्हणे, "अप्पा, त्याला सांगा, उचल म्हणावं." अप्पा मान वळवून म्हणत, "धोंडू, उचल म्हणतोय." धोंडू म्हणे, "त्याला सांगा, कधीचा उचललाय." दोघांना एकमेकांचे स्वच्छ ऐकू येत होते. पण अप्पांनी एक शब्दही न गाळता तो निरोप पोचवला, वर्षानुवर्षे.

काम झाले की सगळी वाडी अप्पांच्या पडवीत पेज प्यायला बसे. पेज, पोह्याचा पापड, कैरीचे लोणचे. पेज अप्पा स्वतः करीत. तिला चव अशी काही नव्हती.

एका भाद्रपदात साकव वाहून गेला. त्याच दिवशी वाडीतल्या एका सुनेला कळा सुरू झाल्या, आणि सुईण पलीकडे अडकली. शेवटी सुनेला पऱ्याजवळचे घर म्हणून अप्पांच्या पडवीत आणले, आणि सुईणीने पलीकडच्या काठावरून ओरडून काय काय करायचे ते सांगितले. अप्पा पाठ फिरवून, छत्री उघडून, अर्ध्या वाटेवर उभे राहिले आणि तिचा शब्द इकडे पोचवू लागले. हे काम त्यांच्या सवयीचे होते. मुलगी झाली, सुखरूप. पण त्या दिवसापासून लोकांच्या मनात पूल आला. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही.

पूल रामशेटनी दिला. ते आमच्याच वाडीचे, मुंबईत नावारूपाला आलेले. माणूस चांगला. बोटीतून उतरून पडावातून मांडवीला आले की आधी देवळात जात, मग घरी. देवळाच्या सभामंडपात बैठक भरली. रामशेट म्हणाले, मला वाडीने वाढवले, आता माझी पाळी आहे. यापुढे गावोगावची कामे अशीच होणार, ज्याला देवाने दिले त्याने एकदाच पक्के बांधून द्यावे, बाकीच्यांनी सुखाने वापरावे. चिऱ्याचा, चुन्यातला पूल. वडिलांच्या नावाची शिळा, बाकी काही नको.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. अप्पा खांबाला टेकून बसले होते.

"राम," ते म्हणाले, "तुझा बाप मेढी ठोकायचा. तो गेल्यापासून तुझा चुलता एकटा ठोकतो, तुझी दुपार मला मिळालेली नाय."

"अप्पा, दुपार मुंबईहून कशी पाठवू? मनिऑर्डर पाठवता येते."

लोक हसले. रामशेट हसले नाहीत, ते खरेच विचारीत होते. अप्पांनी छत्रीची मूठ फिरवली.

"पूल झाला की हे लोक एकमेकांकडे कशाला जातील?"

"जातील की. पुलावरूनच जातील."

"अप्पा, ती पोर पडवीत झाली ते विसरलात काय?" मागून कोणीतरी म्हणाले.

"सुखरूप झाली ना?" अप्पा म्हणाले. पण त्यात जोर नव्हता, आणि ते त्यांनाही कळले असावे. ते उठून घरी गेले. ठराव झाला.

पूल उत्तम झाला. खुला झाला तेव्हा ताशे वाजले, पेढे वाटले. अप्पा आले नाहीत. त्यांनी त्या पुलावर पाय ठेवला नाही. उन्हाळ्यात ते पुलाशेजारून धोतर वर खोचून पाण्यातून जात, वर चाललेल्या माणसांशी हवापाण्याच्या गोष्टी करीत. पावसाळ्यात ते बाजाराला जाणेच बंद करीत. त्यांची तपकीर मी आणून देई. पुलावरून आलेली तपकीर त्यांना चालत असे. मी ते कधी बोलून दाखवले नाही.

पुढच्या वैशाखात, साकवाचा दिवस असायचा त्या दुपारी, मी त्यांच्या घरावरून चाललो होतो. अंगणात दोन वासे आडवे टाकलेले होते आणि अप्पा हातात भिजवलेला काथ्या घेऊन त्यांच्यावर वाकले होते. मला पाहून सरळ झाले.

"मास्तर, काशीची गाठ कशी असते रे?"

मी म्हटले, मला काय माहीत, मी लांब उभा असे. तुम्हाला येत नाही?

"मला कशी येणार? माझ्या घरचं काम पेजेचं."

इतकी वर्षे मी समजत होतो, की सगळी कामे निदान अप्पांना येत असतील. त्यांनी आपला नियम स्वतःलाही लावला होता. एकही गाठ त्यांना येत नव्हती.

पडवीत चुलीवर मोठे पातेले होते. तेच, सगळ्या वाडीचे. काठोकाठ पेज. मी विचारले, अप्पा, एवढी कोणासाठी?

"थोडी कशी करायची ते मला माहीत नाय," ते म्हणाले. पाटावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "हे काम तिचं होतं. ती गेल्यावर मी उचललं. एवढंच शिकलो, तेही एवढ्या माणसांचं. एकट्यापुरतं घातलं की उतू तरी जातं, नायतर करपतं. मग चुरमुरे खातो."

त्यांची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारली होती. वाडीत हे सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणी बोलत नसे. अप्पा रोज काय जेवतात हे मात्र कोणी विचारले नव्हते. वर्षातून एकदा सगळी वाडी त्यांच्या पडवीत जेवते, एवढे आम्हाला पुरेसे वाटे.

मी दोन वाट्या पेज प्यायलो. तिला चव अशी काही नव्हती. उरलेली गाईगुरांना गेली. त्यानंतरही दर वैशाखात ते पातेले चढे आणि मी जाऊन बसे. वकील एकदा येऊन गेले. कावळे भरपूर होते.

या माघात अप्पा गेले. झोपेतच गेले. मुले नव्हती, जवळचे कोणी नव्हते. मी अंगणात पोचलो तेव्हा बांबू येऊन पडले होते आणि दोर भिजत घातलेले होते. ज्यांच्या घरी दोर भिजवण्याचे काम होते, त्यांनीच ते भिजवले होते. कोणी कोणाला काही सांगत नव्हते. एकाने कामट्या आडव्या मांडल्या, दुसऱ्याने पायाकडची गाठ मारली आणि बाजूला झाला. डोक्याकडची बाजू तशीच राहिली. मग काशीकाकी घरातून आली आणि खाली बसली. बायकांनी तिरडीला हात लावायचा नसतो, असे कोणीतरी म्हणाले.

"मग तू बांध," काकी म्हणाली.

त्याला येत नव्हती. काकीने गाठ मारली आणि आत गेली.

मी अंगणाच्या कडेला उभा होतो. माझ्याकडे कोणीतरी पाहिले. मी म्हणालो, "डोक्याकडे जरा वर." त्यांनी वर घेतले.

उचलायची वेळ आली. धोंडू पुढच्या टोकाला गेला होता, विठू मागच्या. दोघे वाकले आणि तसेच थांबले. विठूने सवयीने मधे पाहिले. मधे अप्पा होते, पांढऱ्या कापडात. विठू बराच वेळ वाकलेला राहिला.

"धोंडू," तो म्हणाला, "उचल."

"उचलला," धोंडू म्हणाला.

पऱ्यावर आलो तेव्हा धोंडू पुलाकडे न वळता उजवीकडे खाली उतरला. पाणी घोट्याएवढे होते. आम्ही सगळे पुलाशेजारून पाण्यातून पलीकडे गेलो.

पूल भक्कम आहे. शिळेवर रामशेटच्या वडिलांचे नाव आहे, ते मेढी ठोकीत असत हे त्यावर नाही. गाठी ज्याच्या त्याच्या घरात आहेत. पातेले माझ्या पडवीत पालथे घातलेले आहे. वैशाखाला अजून अवकाश आहे, आणि पेज किती घालायची ते मला माहीत नाही.