अंपायर परत आले

त्या सकाळी बाबांनी चहाचा एक घोट घेतला आणि कप बाजूला सारला. "पातळ. आऊट."

"बाबा, हा चहा आहे. बॅटर नाही," लेक म्हणाली.

"निर्णय झाला."

आयुष्यभर मुलांच्या बेसबॉलची अंपायरगिरी केलेल्या बाबांना घरातही आपण होम प्लेटच्या, म्हणजे बॅटरसमोरच्या त्या पांढऱ्या पाटीच्या, मागेच उभे आहोत असं वाटायचं. भाजी, जावई, टीव्हीवरच्या बातम्या, सगळ्यांना ते बाद करत, आणि तिथं अपील नसे. बाहेर ऊन असं, की कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसलेले. लेकीच्या ओठांवर काहीतरी आलं, पण ती एवढंच म्हणाली, "पाणी घेतलंत ना?"

"पाणी सामना संपल्यावर," म्हणत बाबा मैदानावर गेले. संध्याकाळी आले, जेवले, आमटीतल्या मिठाला बाद करून झोपले. सकाळी उठलेच नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात ती लहान मुलांचा अंतिम सामना बघायला म्हणून मैदानावर गेली, तर क्लबचे सेक्रेटरी धापा टाकत आले. "अंपायरला ऊन लागलंय, आडवा झालाय. सामना रद्द झाला तर पोरं रडून जीव नकोसा करतील. तू उभी राहा."

"मी? अहो, मी वाचनालयात काम करते."

"म्हणजे लोकांना गप्प बसवायची सवय आहे. आणि नियम तू पाळण्यात ऐकलेत!" एवढं बोलून ते आजाऱ्याला घेऊन दवाखान्यात गेलेसुद्धा.

क्लबच्या कपाटात एकच पोशाख होता, बाबांचा. छातीवरचं जाड कवच, टोपी, तोंडावरची लोखंडी जाळी. जाळीच्या पट्ट्याला अजून त्यांच्या केसांच्या तेलाचा वास येत होता. बापलेकीची उंची सारखी, खांदा पाडून चालण्याची ढबही सारखी. उन्हाच्या थरथरत्या वाफेतून ती मैदानात उतरली आणि सगळीकडे चिडीचूप झालं. तिनं वाकून ब्रशनं प्लेटवरची धूळ झटकली आणि तो मनगटावर दोनदा आपटला. असं बाबा करायचे. तिनं हे आधी कधीच केलं नव्हतं.

चेंडू झेलायला पुढ्यात उकिडवी बसलेली कॅचर पोरगी मागे न बघता कुजबुजली, "काका, तुम्ही वारला होतात ना?"

उन्हानं घसा कोरडा पडलेला, त्यामुळे आवाज घोगरा निघाला. "चेंडूकडे बघ."

इनिंग संपेपर्यंत बातमी दोन्ही संघांत पोचली, आणि वाटेत तिनं बाळसंही धरलं. "म्हणाले, नुसतं वारलोय म्हणून सामना सोडीन की काय!"

पाहुण्या संघाचे कोच प्रत्येक निर्णयावर तावातावानं भांडणारे. ते आज हात जोडूनच आले. "साहेब, मागं तुम्हाला आंधळा म्हणालो, ते मनावर घेऊ नका. आणि आमचे वडील तिकडे भेटले तर सांगा, त्यांची स्कूटर अजून पहिल्या किकला सुरू होते."

आता खरं सांगून टाकायला हवं होतं. तिचा हात पट्ट्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. जाळी काढली की बाबा पुन्हा जाणार होते.

"सांगतो," ती म्हणाली. मग आपण काय बोललो ते ऐकून तिच्या अंगावर काटा आला.

त्यानंतर कुणी भांडलं नाही. पण कुणी पाणीही मागितलं नाही. साहेबांचा नियम सगळ्यांना ठाऊक होता. सामना बरोबरीत अडकला, लांबत गेला. पोरांचे चेहरे लालबुंद झाले.

"तुम्ही बोला की त्यांच्याशी," एक आई कुजबुजली.

"मी का? तुमची ओळख जुनी," दुसरी म्हणाली.

"काका," कॅचर पुटपुटली, "मला दोन पिचर दिसतायत."

"चेंडू कुणाच्या हातात आहे?"

"दोघांच्या."

आता कुणीतरी हे थांबवेल म्हणून लेक वाट बघत राहिली. तेवढ्यात जाळीच्या आत, अगदी कानाशी, तिचा नसलेला एक श्वास सावकाश घेतला गेला. निर्णय देण्याआधी बाबा घेत तसा. आणि कॅचर कलंडून तिच्या गुडघ्यावर आली.

तिनं जाळी ओरबाडून काढली. "थांबा! खेळ बंद! सगळी पोरं सावलीत! आधी पाणी!"

"अहो, ही तर त्यांची लेक!" कोच किंचाळले, पण धावले मात्र पाण्याकडेच. झाडाखाली नुसती झुंबड उडाली. कॅचरच्या डोक्यावर पाणी ओतलं, तिनं दोन घोट घेतले आणि डोळे उघडून विचारलं, "काका कुठायत?"

सगळ्यांनी मैदानाकडे पाहिलं. होम प्लेटच्या मागं उन्हाची वाफ उभी होती, एक खांदा पाडून, हलायला तयार नसलेली.

लेक सावलीच्या कडेपर्यंत गेली.

"बाबा, तुम्हीही या," ती मोठ्यानं म्हणाली. "मला तुमची फार काळजी वाटते."