दौलतचा डबा

वाटूरच्या रामरावांनी डॉक्टरांचं अर्धंच ऐकलं, आणि त्यापायी त्यांच्या पत्नी द्वारकाबाई रुसून भावाकडे गेल्या.

जनावरांचे डॉक्टर म्हैस बघायला आले होते. जाता जाता त्यांची नजर दौलतवर पडली. दौलत हा रामरावांचा कुत्रा. नाव श्रीमंताचं, पण बरगड्या मोजून घ्याव्यात.

"नुसत्या भाकरीवर अंग कसं धरणार?" डॉक्टर म्हणाले. "त्याला मांस, अंडं असं काही लागतं. जुन्या जालन्यात कुत्र्यांच्या बिस्किटांचा डबा मिळतो, त्यात सगळं असतं. फक्त एक करा..."

काय करायचं ते ऐकायला रामराव थांबले नाहीत. जालन्याची गाडी फाट्यावर उभी होती.

दुकानात दोन डबे होते. एकावर पिलाचं चित्र, दुसऱ्यावर थोराड कुत्र्याचं. आपला दौलत वयस्कर, म्हणून रामरावांनी थोराड निवडला. इथपर्यंत त्यांची अक्कल ठिकाणावर होती. घरी आल्यावर मात्र ती सुटली.

"आजपासून दौलतला हे," डबा बायकोपुढे ठेवत ते म्हणाले. "तुझ्या भाकरीत दम न्हाई म्हणून राह्यले डॉक्टर."

लग्न झाल्यापासून त्याच भाकरीवर हे घर उभं होतं. द्वारकाबाईंनी हातातली परात खाली ठेवली.

"मंग तुम्ही बी डब्यातलंच खा," म्हणाल्या, आणि पिशवी भरून परतूरच्या गाडीत बसल्या.

दौलतनं बिस्किटं हुंगली आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. भाकर द्यावी म्हटलं, तर ती थापता कुणाला येत होती? शेजारच्या कौसल्यानं जेवायला बोलावलं, तेव्हा रामराव ऐटीत म्हणाले, "घरी सगळं बराबर हाय." दौलत दाराकडे तोंड करून पडून होता. त्याला काही झालं तर, या विचारानं रामरावांनी डबा पुढ्यात ओढला. ते त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"हे बघ, असं खायचं," म्हणत त्यांनी एक बिस्किट तोंडात टाकलं. नेमकी तेव्हाच कौसल्या कुडावरून डोकावली.

वाटूरचे निरोप एसटीनं जातात. कौसल्यानं कंडक्टर पुंजारामला सांगितलं, पुंजारामनं भरल्या गाडीत तिकिटं फाडत सगळ्यांना सांगितलं, आणि परतूरला उतरून द्वारकाबाईंना सांगितलं, "काकू, काका कुत्र्याच्या डब्यातलं खाऊन राह्यले. कुत्रं खाईना, पण काका खाऊन राह्यले."

द्वारकाबाई त्याच गाडीनं निघाल्या. फाट्यावर उतरताना पुंजारामला म्हणाल्या, "जालन्याहून परत येतानी हॉर्न दे. मी नुसती बघून येते."

त्या घरात शिरताच दौलत लटपटत उठला आणि त्यांच्या पायांत घोटाळला. द्वारकाबाईंनी डबा उघडून पाहिला.

"दौलतनं तोंड लावलं न्हाई म्हणे. मंग डबा अर्धा कुणी केला?"

रामराव वाशांकडे बघू लागले. "त्याला दाखवायला एक खाल्लं."

"आन बाकीचे?"

"भूक लागल्ती."

द्वारकाबाई चुलीपाशी गेल्या. भाकर झाली तशी दुधात कुस्करली, त्यात दोनच बिस्किटं चुरून टाकली. दौलतनं ताटली चाटून लख्ख केली.

"जुन्या खाण्यात थोडं थोडं मिसळा, एकदम बदलू नका, असं म्हणले होते डॉक्टर. तुम्ही तवर फाट्याला गेल्ते."

"मंग सांगायचं न्हाई का मला?"

"तुम्ही बोलू कुठं दिलं?"

रामराव दौलतच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "दम तुझ्या भाकरीतच हाय. तू न्हाई तं घर खायला उठल्तं."

फाट्यावर हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक. कौसल्या धावत दाराशी आली. "काकू, पुंजाराम गाडी थांबवून उभाय."

द्वारकाबाईंनी परातीत पुन्हा पीठ घेतलं.

"त्याला म्हणावं, जाय बाबा. माझं आजून एक माणूस जेवायचं हाय."